बिराजदार मॅडमच्या नावावरची चूक

बिराजदार मॅडम पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांचं नुसतं डोकंच दिसलं. सोलापूरजवळच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात मी नुकताच रुजू झालो होतो. मॅडम कुठे आहेत विचारलं, तर शिपायानं शेताकडे बोट दाखवलं. गळ्याइतक्या खोल खड्ड्यात पदर खोचून उभ्या राहून त्या चाकूनं मातीचा थर खरवडत होत्या. "उतरा खाली," त्या म्हणाल्या. "वरून बघून माती कळत नाही."

मॅडम अक्कलकोटकडच्या. माझ्या नोंदीत चूक दिसली की "इल्ला, इल्ला" म्हणत कानडीतूनच ती खोडायच्या. शेतकऱ्याला मात्र कधी घाई करायच्या नाहीत. "तो वर्षभर या मातीवर उभा असतो. आपण तासभर येतो," असं म्हणायच्या.

मंद्रूपजवळ सखूबाई नावाची धनगर बाई होती. तिला डाळिंब लावायचं होतं. फळबागेसाठी तीन फुटांपर्यंतच्या थरांचे नमुने लागतात. एप्रिलचं ऊन होतं, मी एकटाच होतो. एक वीत खणलं आणि कंटाळलो. खालच्या थरांच्या पिशव्या शेजारच्या ओढ्याच्या काठावरून खरवडून भरल्या. अहवाल चांगला आला. मॅडमनी सही केली. सखूबाईनं निम्मी मेंढरं विकून बाग लावली.

तिसऱ्या वर्षी सखूबाई डाळिंबाची पिवळी पडलेली फांदी घेऊन ऑफिसात आली. आम्ही गेलो. मॅडमनी खड्डा घ्यायला लावला. दीड फुटावर पांढरा थर लागला. त्यावर त्यांनी आम्लाचे दोन थेंब टाकले, तशी माती फसफसली. खाली सगळी चुनखडी होती. झाडांची मुळं तिथंच अडली होती.

मॅडम वर आल्या आणि मातीच्या हातांनीच त्यांनी हात जोडले. "सखूबाई, चूक आमची आहे. अहवालावर माझी सही आहे."



जीपमध्ये त्यांनी विचारलं, "नमुने तूच घेतले होतेस ना? तीन फुटांपर्यंत?"

"हो, मॅडम."

"मग आपल्या प्रयोगशाळेतच काहीतरी गडबड आहे."

त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते सगळे त्यांनी उपकरणं तपासण्यात आणि द्रावणं पुन्हा करून बघण्यात घालवले. मी त्यांच्या शेजारी बसून आकडे लिहून घेत होतो. निरोप समारंभात त्या म्हणाल्या, "एका चुकीचं कारण मला शेवटपर्यंत सापडलं नाही. कुणाला सापडलं तर मला कळवा." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षांनी न राहवून त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सखूबाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलास?"

दुसऱ्या दिवशी मंद्रूपला गेलो. बागेच्या जागी ज्वारी होती. सखूबाईनं माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मला ठावं हाय की. त्या दिशी मी लिंबाखाली बसले हुते. तुमी वड्याच्या काठाला माती भरत हुता."

"मग मॅडमसमोर बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले. बाई लई मोठ्या मनाच्या. हात जोडून हुभ्या हुत्या, आन् तुमी आपले बूट बगत हुता."

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत एक जुने सहकारी आदरानं म्हणाले, "एवढ्या मोठ्या नोकरीत बाईंच्या हातून एकच चूक झाली, तीही त्यांनी स्वतः कबूल केली." मी पहिल्याच रांगेत होतो. सगळे माना डोलावत होते. उठून दोन वाक्यं बोललो असतो तरी पुरे होतं.

मी उठलो नाही. म्हणून आज हे लिहितो आहे.