हेस्टर इनमनने न केलेली सही

हेस्टर इनमनच्या घरात चुलीच्या वर एक कागद चौकटीत लावलेला होता. नवरा एमॉस महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात गेला, त्याचं बोटही कुणाला सापडलं नाही, तेव्हा राजाकडून आलेला. चार ओळींचं सांत्वन आणि खाली राजाची सही. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात बायका काच पुसतात शनिवारी. हेस्टर ही काच रोज पुसायची. राजाने लेखणी हातात घेऊन आपल्यासाठी सही केली, एवढ्यावर तिने बारा वर्षं काढली. काढू दे की! कुणाचं काय जात होतं?

जात काही नव्हतं, चर्चच्या दारावर नोटीस लागेपर्यंत.

शहराला पाणी हवं होतं. पार्लमेंटने कायदा केला: खोऱ्यात धरण होणार, चर्च, शाळा, सतरा घरं पाण्याखाली जाणार. ज्यांना आपल्या माणसांच्या शवपेट्या टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत हलवून हव्या असतील, त्यांनी सप्टेंबरअखेर अर्जावर सही करावी. राहतील त्या कबरींवर काँक्रीट ओतलं जाईल, मग पाणी. नोटिशीच्या माथ्यावर राजाचं नाव होतं.

एमॉसला कबर नव्हतीच. मुलीला, नेलला होती. सहा वर्षांची पोर घटसर्पाने गेली, बाप गेल्याच्या पुढच्याच हिवाळ्यात. चर्चच्या आवारात, भिंतीकडच्या रांगेत तिसरी.

"हे राजाला ठाऊक नसणार," हेस्टर म्हणाली.

तिचा दीर जेबेझ खाणीत दगड फोडायचा आणि घरी आला की राजे, बिशप आणि जमीनदार फोडायचा. तो चहात पाव बुडवत हसला. "वहिनी, त्याचंच नाव वर छापलंय ना?"

"नाव काय, कुणीही वापरतं. तू दुकानात माझं नाव सांगून तंबाखू नेतोस, ते मला विचारून नेतोस?"

"अगं, पार्लमेंट म्हणेल तिथं तो मान डोलावतो. एका राजाने मान डोलावली नाही, तर त्याची मानच उतरवली आपल्या लोकांनी. तेव्हापासून सगळे नीट डोलावतात."

"जीभ आवर. त्याने माझ्यासाठी सही केलीय. तो मला ओळखतो."

तिने तीन रात्री बसून पत्र लिहिलं. नवरा तुमच्यासाठी दिला, त्याचं काही मागत नाही. पोरीची जागा तेवढी राहू द्या. पंधरवड्यात राजवाड्याचा लिफाफा आला. पत्र पोचलं, त्याकडे लक्ष दिलं जात आहे. हेस्टरने ते चर्चच्या पाळकांना दाखवलं, पोस्टवाल्याला दाखवलं, आणि जेबेझच्या तर नाकासमोर धरलं.

"लक्ष दिलं जात आहे! वाच."

"वाचलं. 'धरण थांबवतो' कुठं लिहिलंय?"

"सगळं लिहायला तो काय तुझ्यासारखा रिकामटेकडा आहे?"

सप्टेंबरात चर्चच्या आवारात कनाती लागल्या. पहाटे पेट्या निघायच्या आणि गाडीवरून टेकडी चढायच्या. शेजारच्या डॉर्कसने आपले आईबाप हलवले. पाळक दोनदा अर्ज घेऊन हेस्टरच्या दारात आले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "राजाकडे दाद मागितलीय. मी आता सही केली तर त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. ते शोभत नाही."

शेवटच्या दिवशी जेबेझ आला तो टोपी हातात घेऊन. त्याला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी, मी नाही हसत. हात जोडतो. माझ्या भावाची पोर आहे ती. सही कर."

"चहा घेणार का?" हेस्टरने विचारलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दार वाजलं. धरणाचा इंजिनियर, गार्थवेट. ज्याच्या धरणाविरुद्ध तिने राजाकडे दाद मागितली होती, तोच. त्याच्या हातात तिचं पत्र होतं, तिचं स्वतःचं, आणि समासात शिक्केच शिक्के. राजवाड्याने मंत्र्याकडे पाठवलं. मंत्र्याने शहराच्या पाणी समितीकडे. समितीने त्याच्याकडे.

"उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलंय, बाई," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

"राजा काय म्हणाला?"

"राजांना काही म्हणता येत नाही. पार्लमेंटने पाठवलेल्या कायद्याला संमती द्यावीच लागते. दोनशे वर्षांत कुणी नाही म्हटलेलं नाही."

"मग माझ्या नेलला आता तरी वर न्या. मी सही करते. आणा तो कागद."

"मुदत कायद्यात लिहिलीय. मला ती बदलता येत नाही." त्याने मान खाली घातली. "भिंतीकडची रांग आम्ही सोमवारी झाकली."

हेस्टरची नजर चुलीवरच्या चौकटीकडे गेली. गार्थवेटनेही तिकडे पाहिलं, आणि न राहवून बोलला, "आमच्या आईकडेही असंच पत्र आहे. माझा भाऊ गेला तेव्हाचं. सही अगदी तश्शीच, शेवटच्या फटकाऱ्यासकट. छापलेली असते, बाई."

तिने चौकट काढली नाही, आपटली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "म्हणजे त्याला सही करावीच लागते, आणि तीही दुसरेच छापतात. माझ्यावर तर कुणाची सक्तीही नव्हती. मी माझ्याच मर्जीने सही नाकारली."

गार्थवेटने उत्तर पोचल्याची पावती काढली. ती त्याने टेबलावर ठेवली, कारण त्यालाही ती वरच्यांना दाखवायची होती.

"इथं?" हेस्टरने विचारलं.

"हो, खाली."

तिने लेखणी घेतली आणि ठसठशीत अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.