फुटाला एकशे दहा, सांधा वेगळा

घर भाड्याने देणाऱ्याने खोल्यांत व्हिनाइलच्या पट्ट्यांची फरशी बसवायची ठरवली तर किती खर्च येतो, हे अमडापुरात फक्त मलाच विचारतात. मी काही त्यातला इंजिनिअर नाही. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाडी उशिरा का येते हे लोकांना समजावण्यात माझी उमर गेली. पण हा उद्योग आख्ख्या गावात एकटा मीच करून बसलोय, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून दुसरा कोणी उपलब्ध नाही!

आमच्या घराला समोर दोन खोल्या, मागे आमचा संसार, आणि बाजूने एक बोळ. बोळाच्या आतल्या टोकाला आबांची खोली, बाहेरच्या टोकाला ओटा. आबा म्हणजे माझे वडील. काचबिंदूने त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना आंधळं म्हणायची कोणाची छाती नव्हती. घरभर शहाबादी फरशी होती आणि ती त्यांच्या तळपायांना तोंडपाठ होती. मोरीपाशी खडबडीत, देवघरासमोर झिजून गुळगुळीत, स्वयंपाकघराच्या दाराशी एक कोपरा उडालेला (तो लहानपणी माझ्या हातून वरवंटा पडून उडाला, नाव मांजरीवर गेलं, ते मी तसंच राहू दिलं). रोज दुपारी आबा पलंगावरून उठायचे आणि काठी न घेता अनवाणी थेट ओट्यावर जाऊन बसायचे. कोणी हात धरायला गेलं की झिडकारायचे.

"डोये गेले बे माहे. पाय हायेत न!"

कोणाचा हात धरून चालायचं नाही, एवढीच एक ऐट त्या माणसापाशी उरली होती. आणि ती मी घालवली. तीही एकशे दहा रुपये फुटाने!

झालं असं, की समोरच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि बँकेत बदली होऊन आलेली पुण्याची केतकी मॅडम त्या बघायला आली. पोरगी गोड. सगळं बघून म्हणाली, "काका, खोल्या छान हवेशीर आहेत. फरशी मात्र जरा... जुनी आहे ना?"

त्या 'जरा'नंतर ती जेवढा वेळ थांबली, तेवढ्यात माझी इज्जत गेली. तिची पाठ वळताच माझी बायको सुशीला म्हणाली, "फरशीले का झालं? तिच्या आजीच्या वयाची हाये, मनून का फेकून द्याची?" पण मी ऐकतो कुठे! मी मोबाइलवर बघायला लागलो. सुटाबुटातला एक माणूस सांगत होता, की शहाण्या घरमालकाने भाड्याच्या खोलीत व्हिनाइलच बसवावं. लाकडासारखं दिसतं, पाण्याला भीत नाही, भाडेकरू टिकतात. मला शहाणा घरमालक म्हणणारा आयुष्यात तो पहिलाच माणूस. मी विरघळलो.

चिखलीहून सलीमभाई आला. टेप लावली, कानावरची पेन्सिल काढली, हिशेब केला.

"पट्टी नव्वद रुपये फूट, बसवनावळ वीस. एकशे दहा. खतम!"

"अजून काही?"

"अजून का राह्यते भाऊ? टेन्शन नका घेऊ. एक सांधा दिसला तर नाव बदलून टाका माहं."

मग राहिलेलं एकेक निघायला लागलं. जुनी फरशी उंचसखल, तिच्यावर लेव्हलिंगचा लेप हवा, त्याचे वेगळे. पट्टीखाली फोम, त्याचे वेगळे. भिंतीच्या कडेने पट्टी, तिचे वेगळे. कापाकापीत माल वाया जातो, तोही माझाच. फरशी वर आली म्हणून दारं अडायला लागली, त्यांची बुडं तासायला सुतार. आणि सुताराने केतकी मॅडमच्या बोळाकडच्या दाराचं बूड एवढं तासलं, की त्याची कडी लागेना! शेवटी बेरीज दुपटीच्या शेजारी जाऊन बसली. सुशीलेने बिल बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "एवढ्यात तर आपल्यालेच पुन्याले खोली भेटली असती."

इथवर नुसता मूर्खपणा होता. पुढे मी माया दाखवली.

पट्ट्यांची बरीच खोकी उरली. दुकानदार परत घेईना. मला वाटलं, आबांनी आयुष्य शहाबादीवर काढलं, थंडीत तळपाय गार पडतात, त्यांच्याही खोलीत, बोळात आणि मागे मोरी-देवघरापर्यंत टाकून देऊ. सलीमभाई म्हणाला, "इथंबी लेव्हलिंग लागंल भाऊ." मी म्हटलं, "घरातल्या माणसाले कायचं लेव्हलिंग? टाक तशीच." (भाडेकरूला लेप आणि बापाला उरलेला माल, हा हिशेब तेव्हा मला जराही खटकला नाही.)

काम झालं. केतकी मॅडमही समोर राहायला आली. मी कौतुकाने म्हटलं, "आबा, पाय ठेवून पाहा. अस्सल लाकडावानी हाये."

आबांनी पाय टेकवला, दोनदा घासला. "लाकूड? चिता रचली का बे घरात?"

आम्ही सगळे हसलो. आबाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून आबा घरात हरवायला लागले. मोरीत जायला निघाले ते देवघरात पोचले आणि धोतर सावरत ओरडले, "बादली कोणं नेली बे?" आडवी आली सुशीला, म्हणून देव वाचले! खडबडीत, गुळगुळीत, उडालेला कोपरा, सगळं एकाच चोपड्या पट्टीखाली गेलं होतं. पायांना काही सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कहर झाला. दुपारी आबा ओट्यावर नाहीत, खोलीत नाहीत. शोधत शोधत बोळात आलो, तर केतकी मॅडमच्या खोलीतून त्यांचा आवाज! कडी न लागणाऱ्या दारातून आबा आत शिरले होते आणि तिच्या पलंगावर मांडी घालून आपल्याच खोलीत असल्यासारखे बसले होते. सुट्टी म्हणून पोरगी घरी होती. आबांनी फर्मावलं होतं, "सूनबाई, चहा ठेव वो." आणि तिने बिचारीने एक शब्द न बोलता ठेवला होता.

मी दारात. माझ्यामागे सुशीला. आबांनी एक घोट घेतला आणि तृप्त होऊन म्हणाले, "हे झाली न बात! इतक्या वर्सांत आज पयल्यांदा जमला तुले चहा."

मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"राहू द्या ना काका," मॅडम हळूच म्हणाली. "आजोबा बसू देत. मला छान वाटतंय."

पण तो आवाज आबांच्या कानावर पडला. कप हातात तसाच राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताने चादर चाचपली, भिंत चाचपली. "हे कोनाचं घर हाये, पल्हाद?"

"आपलंच हाये आबा. भाडेकरूची खोली हाये."

"अस्सं," म्हणाले. मग पोरीच्या दिशेने हात जोडले. "माफ कर माय." मी हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला नाही. धरला. आयुष्यात पहिल्यांदा आबांचा हात धरून मी त्यांना चार पावलांवरच्या त्यांच्या खोलीत नेलं, आणि मला शरमेने मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून आबांनी पलंग सोडला नाही. ओटा सुटला. ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणं सुटलं. सुशीलेने चहाचा राग गिळून समजूत काढली, तर म्हणाले, "घरातल्या घरात परगावी आल्यासारखं झालं व पोरी. हात धरून कुठी जाऊ? मसनातच न्या आता."

मग मी उपाय सुरू केले. शहाणा घरमालक! पलंगापासून ओट्यापर्यंत दोरी बांधली आणि ती धरून चालायला आबांना कसंबसं राजी केलं. सुशीलेने दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लुगडी वाळत घातली आणि आबा ओल्या लुगड्यात गुरफटून "मले सोडा बे!" म्हणून ओरडत सुटले. दोरी काढली. खूण म्हणून गोणपाट टाकलं, तर ते चोपड्या पट्टीवरून घसरलं आणि त्याच्यावरून मी घसरलो. (आबांनी आवाजावरूनच विचारलं, "पल्हाद, तूच न?") पट्ट्या उखडून टाकायचं म्हटलं तर सलीमभाईने फोनवर सांगितलं, खालची फरशी फुटेल, आणि उखडायचे वेगळे!

आणि मग एका सकाळी आबांच्या खोलीतून आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक. मी जाऊन बघितलं. आबा पलंगाजवळ उभे होते आणि पाय एकाच जागी दाबत होते. लेव्हलिंगचे पैसे मी वाचवले होते ना, त्यामुळे तिथल्या पट्ट्यांची एक ओळ नीट बसलीच नव्हती. पलंगापासून दारापर्यंत आणि पुढे बोळातून ओट्यापर्यंत एक सांधा कडेने उचललेला राहिला होता. पाय पडला की टक वाजायचा. आबा त्या उचललेल्या कडेवर अंगठा घासत घासत दारापर्यंत गेले. मग बोळात. मी मागोमाग. ते ओट्यावर पोचले, आपल्या जागी बसले आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याला ओरडून म्हणाले, "राम राम हो!"

सुशीला स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही दोघं बोळात उभं राहून रडलो, आणि मग एकमेकांना बघून हसलो.

त्याच आठवड्यात सलीमभाई उरलेले पैसे न्यायला आला. मी घरमालकी आवाज काढला, "तो सांधा बघ. नाव बदलायचं म्हणत होता न?"

बिचाऱ्याने मान खाली घातली, हातोडी काढली आणि वाकला. पलंगावरून आबा गरजले, "हात लावू नको! पुऱ्या घरात तो एकच माह्या वळखीचा राह्यला!"

सलीमभाई हातोडी धरून थिजला. मग माझ्याकडे वळला. "मंग पैसे?"

"सांधा खराब आहे. खराब कामाचे पूर्ण पैसे कसे देऊ?"

"वा भाऊ! दुरुस्तबी करू देत नाई, अन् पैसेबी देत नाई!" तो गेला. मी थोडे पैसे कापल्याच्या आनंदात तेव्हा छाती पुढे काढून फिरलो, हे सांगायला आता लाज वाटते.

हिवाळ्यात आबा गेले. दुपारी सांध्यावरून ओट्यावर गेले, सांध्यावरून परत आले, सुशीलेने केलेला आल्याचा चहा प्यायले (म्हणाले, "त्या पोरीइतका नाई, पन जमून राह्यला तुले"), आणि पडल्या पडल्या झोपेत गेले. कोणाला हात धरायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

पिंपळगाव राजाहून आत्या आली, आबांची धाकटी बहीण. आमच्याकडे माणूस जातो त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात कशाचं पाऊल उमटलंय. त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते ठरतं. आत्याने पलंगाशेजारी पीठ पसरलं. रात्रभर पाहुणे त्या खोलीतून येत जात राहिले.

सकाळी टोपली उचलली. सगळे वाकले. पिठात पाऊल नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ होती.

"साप!" मोठा चुलतभाऊ म्हणाला.

"नाई बे, साप का फुटपट्टीवानी चालते? वाघाचा पट्टा हाये हा," दुसरा म्हणाला.

मला माहीत होतं. सुशीलेलाही माहीत होतं. तिने माझा हात घट्ट धरला होता. सांधा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाने हलत राहिला आणि पीठ त्याच्या फटीत उतरलं, बस. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने सगळ्यांना मागे सारलं. ती खाली बसली आणि त्या रेघेवरून नजर फिरवत दाराकडे बघितलं.

"साप गीप काई नाई. रस्ता हाये तो. पाहा न, कसा सीदा जाऊन राह्यला." तिने पदर डोळ्यांना लावला. "आता नाई चुकत माहा दादा."

मी तोंड मिटलं. इतका रडलो, की साप म्हणणारा चुलतभाऊ मला पाणी घेऊन आला.

तेरावं झाल्यावर मी चिखलीला जाऊन सलीमभाईचे कापलेले पैसे देऊन आलो. त्याने मोजले आणि म्हणाला, "आता पैसे भेटले न, तर येतो. सांधा बरोबर करून देतो."

"हात लावशील तर पाहून घे!" मी दुकानात एवढ्या जोरात ओरडलो, की दोन गिऱ्हाइकं निघून गेली.

आता आबांच्या खोलीत मी झोपतो. माझे डोळे अजून शाबूत आहेत, तरी येताजाता पाय त्या सांध्यावर पडतोच. परवा केतकी मॅडम संकोचत म्हणाली, "काका, भिंतीपलीकडून पहाटे टक टक येतं. झोपमोड होते हो. मी करून घेऊ का दुरुस्त? भाड्यातून वळते करा."

मी तिथल्या तिथे तिचं भाडं शंभर रुपयांनी कमी केलं आणि सांध्याला कोणीही हात लावायचा नाही अशी अट घातली. त्यामुळे घरमालकाला या फरशीचा एकूण खर्च किती येतो, ते मला नक्की सांगता येत नाही. माझा अजून दर महिन्याला वाढतोच आहे!