जांब्याच्या आक्कांची भावकी

आक्कांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. जांब्यात खोली बघायला गेलो त्या दिवशी धुतलेल्या पायरीवर मी बुटांसकट पाय ठेवला आणि पाठीत असा रट्टा बसला की हातातली बॅग गटारात गेली. वळून बघतो तर साठीची बाई, नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात शेतातल्या काळ्या पाईपचा हातभर तुकडा. "कुटला तू?" त्यांनी विचारलं. परभणीचा, म्हटलं. "मंग परभनी, बूट हातात घे आन् वर जा. चौथी खोली." भाडं किती, पाणी किती वेळ येतं, हे विचारायची माझी हिंमतच झाली नाही. पुढे तीन वर्षं माझं नाव परभणीच राहिलं.

बारा खोल्यांत बारा गावची माणसं, बहुतेक आयटीतली, आणि कुणालाही आक्का नावाने हाक मारत नसत. शेजारच्या खोलीत जळगाव राहायचा. नळ चालू राहिला की पाईप, जिन्यात थुंकलं की पाईप. जळगावला ताप आला आणि तो गोळ्या घेईना, तेव्हा त्यांनी त्याला दोन ठेवून दिल्या आणि मग आठ दिवस स्वतः पेज करून पाजली. "ज्याला मारलं त्याला जेवू घालायचं, न्हाईतर पाप लागतं," असं त्यांचं शास्त्र. आमच्यापैकी बरेच जण भाजीला काय केलंय याचा वास घेऊन मग चूक करायचे.

मात्र एका गोष्टीत चेष्टा चालत नसे. रिह्यात, त्यांच्या माहेरी, वडिलांनी त्यांच्या नावावर करून दिलेली पावणेदोन एकर भातखाचरं होती. नवरा गेला, मूल नव्हतं, जांब्यातली जमीन आयटी पार्कच्या नव्या फेजमध्ये गेली आणि तिथे खोल्या उभ्या राहिल्या. मातीत पाय घालायला रिहेच तेवढं उरलं होतं. भावाच्या मुलाला, म्हणजे त्यांच्या भाच्याला, तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते. त्याने एक एजंट पाठवला तर आक्कांनी त्याच्या कानाखाली चप्पल वाजवली आणि त्याचा मोबाईल विहिरीत टाकला. पुढच्याच आठवड्यात खाचरांचे हद्दीचे दगड उपटलेले सापडले, आणि राखण करणारा कुत्रा बांधावर दगडाने ठेचलेला. आक्कांनी त्याला तिथेच पुरला आणि त्या दिवशी कुणावरही हात उचलला नाही. आम्हाला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

त्यांनी उपटलेल्या दगडांचे फोटो रिह्याच्या गावग्रुपवर टाकले. ग्रुप चालवणारा भाच्याचा दोस्त. त्याने फोटो उडवले आणि आक्कांनाही ग्रुपमधून काढलं. फोन माझ्यापुढे आपटून त्या म्हणाल्या, "माज्या बापाच्या गावात म्या बोलायचं का न्हाई, ह्ये त्यो ठरिवणार? आपल्या मालकीचं काय असतंय का न्हाई ह्यात?"

होतं. पण मीच त्यात नवखा होतो. एका मित्राच्या नादाने मी महिना-दोन महिने त्या नव्या प्रकारच्या नेटवर्कवर रखडत होतो, ज्याला एक कंपनी नाही, एक ऑफिस नाही. असंख्य छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे, आणि तरी इथला माणूस तिथल्या माणसाशी बोलतो. मला ते उमगतच नव्हतं. इथे दिसलेली पोस्ट तिथे का दिसत नाही? तक्रार करायची तर कुणाकडे? आक्कांना सांगताना मी चाचरत म्हणालो, "पण या सगळ्याचा मालक कोण तेच कळत नाही."

आक्का तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भावकीला मालक असतो व्हय? घरं असत्यात. ज्याची त्याची चूल येगळी. सांगावा धाडला की समद्या घरी जातो. एखाद्याशी वाकडं आलं की त्याच्या घरचं बंद. त्यात काय एवढं अवघड हाय?" दोन महिने वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते सूपभर तांदूळ निवडून होईतो शिरलं.

मग आक्कांचं स्वतःचं घर झालं, म्हणजे सर्व्हर. ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी आणला, तो त्यांच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी बसला. त्याला त्या खोकं म्हणायच्या. बाराही भाडेकरूंना त्यात अकाउंट काढायची सक्ती झाली. खोली सोडून गेलेलेही दुसऱ्या घरांतून आक्कांना धरून राहिले, त्यांच्यामुळे आणखी अनोळखी माणसं आली. आक्का भातावर लिहायच्या, शिव्या द्यायच्या, लोकांना आवडायचं. घराची किल्ली, म्हणजे सगळं चालवायचा पासवर्ड, तेवढा माझ्याकडे होता.

श्रावणात लावणी नुकती धरली होती तेव्हा भाच्याने डंपर आणला आणि उभ्या भातावर मुरूम ओतला. आक्का बांधावर होत्या. त्यांनी फोटो काढला, डंपरचा नंबर आणि भाच्याचं तोंड दोन्ही स्वच्छ आलं, आणि जागच्या जागी पोस्ट केला. पुढच्या क्षणी भाच्याने फोन हिसकावून दगडावर फोडला आणि सख्ख्या आत्याला चिखलात ढकललं. पण फोटो गेला होता, घरोघर. एका घरातल्या वकीलबाईंनी लिहिलं की एवढ्यावर तक्रार उभी राहते, उद्याच ठाण्यात जाऊन दाखवा.

तो उद्या मी येऊ दिला नाही. त्याच दुपारी ऑफिसमागच्या गल्लीत भाच्याने आणि आणखी दोघांनी मला जीपला दाबून धरलं. "खोकं तू बसिवलंय नव्हं? काढ त्यो फोटू," भाचा म्हणाला. मी म्हणालो, माझ्या हातात नाही. त्याने माझ्या उजव्या हाताची करंगळी धरली आणि मागे वाकवली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग त्याने शेजारचं बोट धरलं. मी डाव्या हाताने फोन काढला, आणि पोस्ट पुसली.

तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या घरातून पुसलं तरी इतर घरांत राहीलच. तिथेच माझं नवखेपण नडलं. या भावकीत पुसल्याचा सांगावाही घरोघर जातो, आणि रीतभात पाळणारी घरं मुकाट्याने आपल्याकडचंही पुसतात. भाच्याच्या माणसांनी खोकं फोडलं असतं तर फोटो वाचला असता, कारण मग सांगावा धाडायला कुणी उरलंच नसतं. त्यांनी खोक्याला हात लावला नाही. त्यांनी मला धरलं, आणि मी अर्ध्या मिनिटात सगळ्या जगातून तो फोटो धुऊन दिला.

आक्कांनी माझा हात बघितला. "कितवं बोट धरल्यावर पुसलंस?" त्यांनी विचारलं. दुसरं, म्हटलं. "धा हायेत तुला," त्या म्हणाल्या. मग स्कूटरवर मागे बसवून मला दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या, घरी आणून भात कालवून दिला. मी जेवत असताना म्हणाल्या, "किल्ली मला दे. आन् ह्या म्हैन्यात खोली सोड."

मी चिंचवडला गेलो आणि दुसऱ्या एका घरात, अडीचशे मराठी माणसांच्या सर्व्हरवर, अकाउंट उघडलं. आठ दिवसांत आक्का दिसेनाशा झाल्या. चौकशी केली तर कळलं की त्यांनी मला एकट्याला ब्लॉक केलं नव्हतं, आमचं अख्खं घरच तोडलं होतं. त्यांचं लिहिलेलं आमच्यापैकी कुणालाच दिसेना. लोक विचारू लागले, ही कोण बाई, आम्ही हिचं काय बिघडवलं? मी भडकलो. गावाकडची रीतच अशी, एकाने शेण खाल्लं की साऱ्या घराला वाळीत टाकतात. दोन महिने मी त्यांच्याविषयी तोंडाला येईल ते लिहीत होतो. माथेफिरू म्हटलं. मारकी म्हातारी म्हटलं. माझं बोट वाकडंच जुळलं होतं आणि तिने मला हाकललं, हेही लिहिलं. लोकांनी कीव केली, मला बरं वाटलं.

भात कापणीला आला तेव्हा जळगावचा फोन आला. भाचा पुन्हा डंपर घेऊन आला होता. या वेळी आक्कांनी आधी फोटो पाठवले, मग फोन कमरेला खोचला, आणि पाईपने भाच्याचं कपाळ फोडलं. त्याच्या माणसांनी त्यांचं मनगट पहारीने मोडलं, फोन घेतला, तिथून थेट जांब्याला येऊन खोक्यावर घण घातले. पिठाचा डबासुद्धा फुटला. जळगाव आडवा आला तर त्याचा दात पाडला. पण फोटो घरोघर पोचलेले होते. वकीलबाईंनी आपल्याकडचे काढून ठाण्यात दाखवले आणि गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी भाचा कपाळाला पट्टी बांधून तडजोडीला आला. आत्या, फोटू पुसून टाक, मुरूम उचलतो, म्हणाला.

"आक्का काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, खोकं तुमीच फोडलं. आता म्या जरी म्हनलं तरी पुसायचं कुटून? मुरूम उचल, न्हाईतर दुसरी बाजू फोडीन." भाच्याने मुरूम उचलला. मोडक्या मनगटाने आक्कांनी भात कापला, एका हाताने पेंढ्या बांधल्या.

मी जळगावला म्हणालो, सगळ्या जगाला ते फोटो दिसले, फक्त माझ्या घरी आले नाहीत. एवढा राग?

जळगाव म्हणाला, "मी त्यांना तेच विचारलं होतं रे, तू गेलास तेव्हा. म्हणाल्या, राग न्हाई. त्याच्या घरात काय गेलं तर परत त्यालाच धरत्याल. त्याच्याकडं काय न्हाईच म्हनल्यावर त्याला कोन धरंल? आन् त्याला सांगू नगं, उगं शूरपना करायला यील."

मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडलो. त्या दोन महिन्यांत आक्कांविषयी मी लिहिलेल्या एकोणीस पोस्ट अजून तिथेच होत्या. पुसाव्यात म्हणून हात गेला होता. पुसल्या नाहीत. एकेकीखाली खरं काय घडलं ते लिहीत गेलो, गल्ली, जीप, दोन बोटं, माझ्या नावाने, आणि भाच्याच्या नावासकट.