वीज काढून घेतलेलं पाणी

घरी मुलांना शिकवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. शिकवलेलं मुलं विसरतात, पण झालेली फजिती पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगतात. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली त्या साली ह्यांनी मला, बबनला आणि सुमीला खोपोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. स्वतः नोकरीसाठी मुंबईतच राहिले. बबनच्या इयत्तेची शाळा जवळपास नव्हती. मी लग्नाआधी इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. म्हटलं, पडवीत आपणच शाळा काढू.

*

पहिला धडा हवेचा. पेल्याच्या तळाशी कागद कोंबायचा आणि पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबायचा. आतल्या हवेमुळे कागद कोरडा राहतो. मुलं हरखून गेली.

रविवारी हे आले. बबनने त्यांना तोच प्रयोग दाखवला, फक्त कागदाऐवजी त्यांचं परतीचं तिकीट घेतलं. "बाबा, भिऊ नका, आत हवा आहे," असं म्हणता म्हणता पेला तिरका झाला.

ह्यांनी तिकीट चुलीजवळ वाळत ठेवलं. "तुझी शाळा निघाल्यापासून मी रविवारी घरी येतो की परीक्षेला बसतो, तेच कळत नाही," मला म्हणाले.

*

भाजी घेऊन येणारी हौसा बबनच्याच वयाची. टोपली खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "काकू, घागर बुडवताना बुडबुड होतं ती पण हवाच ना?" मी तिला तिथेच बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कमळूदादा दारात. "वयनी, पोरगी मळ्यात लागते मला. मार्गशीर्ष सरंस्तोवर येऊ दे. तवर माज्या उपेगाचं कायतरी शिकून दाखवलं तर पुढं बघू. नायतर बस झाली शाळा."

हौसा माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं.

*

ह्यांनी मुंबईहून लोहचुंबक आणलं. त्या आठवड्यात सुमीने घरातल्या प्रत्येक वस्तूची झडती घेतली. अशात शेजारच्या बाई हळदीकुंकवाला आल्या आणि मोठ्या कौतुकाने चांदीची वाटी देऊन गेल्या. म्हणजे जात होत्या.

"आई, चांदी चिकटली गं," सुमी मागून म्हणाली.

त्या बाई पुढे कधीही आल्या की उंबऱ्याबाहेरूनच विचारायच्या, "चुंबक आत ठेवलंय ना?"

*

मग अंगणात काठी रोवून सावलीचं घड्याळ केलं. सावली सगळ्यात आखूड झाली की दुपार. पण डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर वीज करणारं पॉवर हाउस गावात होतं, त्याचा बाराचा भोंगा त्याच्या कितीतरी आधी वाजायचा. बबन तडक फाटकावर गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "तुमचा भोंगा चुकतो."

म्हाताऱ्याने समजावलं, "बाळा, लढाईपायी सरकारनं घड्याळंच पुढं केलीत."

बबन म्हणाला, "मग सूर्याला कळवलं का?"

*

पॉवर हाउसमधून बाहेर पडणारं पाणी कमळूदादांच्या मळ्याशेजारून बारमाही वाहायचं. पण दादा वांग्यांना घालायचे लांबच्या विहिरीचं, कावडीने वाहून. त्यांचे खांदे सोलून निघाले होते. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "त्यातली इज काढून घेतलीय वयनी. लोणी काढल्यावर ताक उरतं तसलं ते पाणी. त्यानं काय पीक धरंल?"

मी समजावणार होते. हौसा म्हणाली, "काकू, सांगू नका. लावून बघू."

तिने आमच्या पडवीशी दोन मडकी मांडली. माती एकाच ठिकाणची, वांग्याची रोपं एकाच वाफ्यातली. एका मडक्याला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला पॉवर हाउसचं, तांब्या तोच. कमळूदादा येता-जाता बघायचे.

मार्गशीर्ष लागला आणि पॉवर हाउसचं रोप मलूल दिसायला लागलं. माझा जीव थाऱ्यावर राहिना. ते रोप गेलं असतं तर पोरीची शाळा गेली असती. सकाळी कोणी नाही बघून मी शेणखताची मूठ घेऊन त्या मडक्यापाशी गेले. मागून हौसाने माझा हात धरला.

"काकू, मग आपल्याला कळंल कसं?"

मी खत उकिरड्यात टाकलं. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली. तिने पानं उलटी करून बघितली, मागे माव्याची कीड होती. तिने दोन्ही रोपांची पानं सारखीच पुसली.

महिना सरता सरता कमळूदादा कावड घेऊन विहिरीकडे निघाले होते, ते आमच्या पडवीशी थांबले. दोन्ही रोपं फुलावर आली होती. ते वाकले, एकाची पानं चाचपली, मग दुसऱ्याची. कोणतं मडकं कुठलं, ते हौसाला दोनदा विचारून घेतलं.

"पाण्यातनं काय गेलंच नाय," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मंग वयनी, इज आली कुठनं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात हौसा म्हणाली, "मी सांगते बा. पण येळ लागंल."

कमळूदादांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि पडवीत चढले.

"सरक जरा," ते लेकीला म्हणाले.