साठ ठोके बरोबर

बाबांची नाडी मी सहा वर्षं रोज सकाळी मोजली. चुलीवर चहा ठेवायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनगट धरायचं. साठ. पेसमेकर बसवायच्या आधी ठोके पस्तिसावर आले होते, बाबा धानाच्या बांधीतच, भर शेतात, भोवळ येऊन पडले होते. त्यामुळे साठ ऐकलं की घर निर्धास्त व्हायचं. मी तर स्वतःला मोठी डॉक्टरीणच समजायची.

गेल्या रोवणीत, धानाची रोपं लावताना, त्यांचे पाय सुजले. आमच्याकडे रोवणीत कोणाचे सुजत नाहीत? दिवसभर चिखलात उभं राहायचं, संध्याकाळी तेल चोळायचं, झालं. मीही चोळलं. नाडी साठ होती ना! रोवणी संपून महिना झाला तरी पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

"आत्ताच, आठ-पंधरा दिस," बाबा म्हणाले.

इको बघून डॉक्टरांनी समजावलं. मशीन उत्तम आहे, ठोका वेळेवर पडतो. पण मशीनमधून हृदयात सोडलेल्या तारेचं टोक उजव्या कप्प्याच्या अगदी तळाशी आहे. इशारा वरून यायच्या ऐवजी तिथून निघतो आणि डाव्या कप्प्याला उशिरा पोचतो. दोन्ही बाजू एकदम आवळत नाहीत. काही जणांचं हृदय असं वर्षानुवर्षं चालून थकतं, पंपिंग कमी होतं.

"म्हंजे पानी वरच्या बांधीतून सोडाचं तं खालचाच बांध फोडला," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. मला हसू येईना. "मग तिथं बसवलंच काऊन?" मी भांडायलाच उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, तेव्हा बहुतेकांना तिथेच बसवत, आणि सगळ्यांना त्रास होतही नाही. घ्या! चिडायलाही कोणी उरलं नाही.

डाव्या बाजूसाठी दुसरी तार घालून बघितली. जुन्या तारेपाशी शीर बंद झालेली, नवी पुढे सरकेना. छाती उघडून ती बसवणं बाबांच्या मूत्रपिंडांना झेपणार नाही, म्हणाले. गोळ्या दिल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि आम्ही परत आलो.

आता अंगणातून बाजेपर्यंत आले तरी धाप लागते. नाडी मोजणं मी बंदच केलं होतं, त्या साठचा संताप यायचा. परवा त्यांनीच हात पुढे केला.

"मोज ना, बाई."

मोजली. "साठ."

"दोन वर्सांपासून दम लागून रायला होता," ते हळूच म्हणाले. "पन तू साठ म्हनून एवढी खुश व्हायची, तुले कायले सांगू?"

मनगट माझ्या हातातच होतं. ठोके अगदी वेळेवर पडत होते.