उकाड्यातही न उठलेलं प्रोटीन

मिनलचं हसणं प्रयोगशाळेच्या जिन्यापर्यंत ऐकू यायचं. ती खापरखेड्याच्या वसाहतीत वाढली. वडील रुपराव तिथल्या वीज केंद्रात फिटर होते, आता निवृत्त. नागपुरात ती जुलाबाच्या जिवाणूवर पीएच.डी. करत होती, आणि विषय ऐकून लोकांनी नाकं मुरडली की तिला आणखीच हसू यायचं.

हा जिवाणू थंडाव्यात अगदी गरीब. त्याचं एक प्रोटीन रोगाच्या जनुकांवर ठाण मांडून बसतं, ती वाचूच देत नाही. माणसाच्या पोटातली ऊब लागली की ते उठतं, जनुकं वाचली जातात नि आजार सुरू होतो. ते उठूच नये म्हणून मिनल त्याच्यात बारीक बदल करून पाहत होती. जनुक वाचलं गेलं तर बशीत वाढलेले जिवाणूंचे ठिपके निळे, नाही तर पांढरे. दोन वर्षं नुसतं निळंच.

मे महिन्यात तिने नव्या बदलांच्या बशा थंड कपाटात ठेवल्या. ऊब नंतर, मोजूनमापून द्यायची होती. पण रविवारी लाईन गेली. सोमवारी पाहते तर कपाट माणसाच्या अंगाइतकं तापलेलं, बशा निळ्याशार. ती व्हरांड्यात येऊन बसली. तेवढ्यात रुपराव डबा घेऊन पोचले.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?"

"लाईन गेली होती बाबा. सारं काम वाया गेलं."

"नीट पाह्यलं का?"

"काय पाहू? निळंच निळं दिसून राहिलं."

"मंग आधी जेव. उपाशी पोटी रडू नोको."

भाकर-वांगं खाऊन ती बशा टाकायला आत गेली. खालच्या कप्प्यातल्या एका बशीशी तिचा हात थबकला. ठिपके टपोरे वाढले होते, पण पांढरेफटक! एवढ्या उकाड्यातही ते प्रोटीन जागचं हललं नव्हतं.

"बाबा!" ती ओरडतच बाहेर आली. "ते बसूनच आहे! उठलंच नाही!"

"कोण वं?" रुपराव घाबरून उभे राहिले.

रुपराव पेढे आणायला निघाले, पण मार्गदर्शक प्रेमलता मॅडमनी त्यांना थांबवलं आणि मिनलला म्हणाल्या, "लाईन जाणं म्हणजे प्रयोग नव्हे. तापमान मोजून पुन्हा कर." मिनलने पावसाळाभर पुन्हा पुन्हा केला. पांढरं ते पांढरंच राहिलं, तेव्हा मॅडमनी स्वतः पेढे आणले.

औषध अजून फार लांब आहे, असं मिनल सगळ्यांना बजावते. रुपराव मात्र वसाहतीत भेटेल त्याला सांगतात, "माह्या पोरीनं जुलाबाले बसवून ठेवलं!"