दिरांची क्वालिटी आणि माझी सायकल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वडगाव रासाईला नर्स होते. लसींचा डबा घेऊन वस्त्यांवर पायी हिंडून पायांचे तुकडे पडायचे, म्हणून सायकल घ्यायची ठरवली. फार स्वस्त नको, फार महाग नको. निवडायला सोबत कोण? रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, लागलेले धाकटे दीर. नोकरी लागल्यापासून ते ताटातली भाकरीसुद्धा उलटून तपासत. सासूबाई म्हणाल्या, "त्याला समद्यातलं कळतंय. कंपनीत हाय त्यो."

शिरूरच्या दुकानात सारख्याच किमतीच्या दोन सायकली होत्या. एक काळी, साधी. जाड तारा, चेनवर पूर्ण कव्हर, मागं दणकट कॅरिअर. दुसरी लाल, गिअर, पुढं शॉकअप, अंगभर स्टिकर. मी लालचं मागचं चाक उचलून फिरवलं. ते ब्रेकला घासत, झोकांड्या खात फिरलं.

"भावजी, चाक आउट आहे."

"टॉलरन्समध्ये आहे, वहिनी. एवढा फरक चालतो."

"आन् कॅरिअर?"

"स्पोर्ट मॉडेलला नसतं. लूक जातो."

"मग लस काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

दुकानदार हसला, दीर नाही. घरी महिनाभर रुसवा कोण सोसणार? मी लालला मान डोलावली.

एसटीच्या टपावरून सायकल गावात उतरली. "थांबा, टेस्ट घेतो," दीर म्हणाले. पारावर माणसं होती, नाहीतर त्यांना टेस्ट सुचली नसती. सीटवरून उठून त्यांनी जोर लावला, तसं डावं पायडल निखळून गटारीत पडलं. पाठोपाठ दीर. पारावरचे एक आबा म्हणाले, "कंपनीला कळवा की!"

"ट्रान्सपोर्ट डॅमेज," चिखल पुसत दीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सायकल घेऊन शिरूरला गेले.

"गॅरंटी फक्त फ्रेमची असते, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"बरं," म्हणत मी पायडल मांडीवर घेऊन त्याच्या पायरीवरच बसले. बाजारचा दिवस होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं, बाई?" मी सविस्तर सांगायची. दुपारपर्यंत त्यानं स्वतःच काळी सायकल पुसून बाहेर काढली.

तिच्यावर मी सगळ्या वस्त्या पालथ्या घातल्या, कितीतरी वर्षं. कंपनीची बस गाठायला दीरही तीच न विचारता घेऊन जायचे, आणि मी सकाळी अंगणात सायकल शोधत बसायची.